जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग सध्या दुरुस्तीला निघालं आहे, तेव्हा आज सातच पोचतील. आठवं मागाहून धाडते.)

तुझी तब्येत कशी आहे? खोकला गेला का? गच्चीतल्या कुंड्यांना तू अजून स्वतः पाणी वाहून नेतेस की आता नळी आणलीस? आणि शेजारीणबाईंशी धरलेला अबोला संपला का? संपला असेल तर आनंद आहे, पण थोडं वाईटही वाटेल, कारण अबोला असला की तुझी पत्रं चांगली लांबलचक येतात. आम्ही दोघं, बाबा आणि मी, इथे मजेत आहोत. माझा उजवा पाय सोडला तर सगळं घर ठणठणीत आहे.

पत्रास कारण की, तसं कारण काहीच नाही. सहज आठवण आली म्हणून लिहायला बसले. दुपार आहे, आज मला सुट्टी आहे. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवरून सरकत सरकत आता खाटेच्या पायाशी पोचलंय आणि खाली दुकानात बाबा कुणाच्या तरी सायकलचं मागचं चाक फिरवतायत. त्याची किर्र किर्र जिन्याने वर येते आणि इतकी गुंगी आणते की मधेच पेन हातात तसंच राहतं. तेव्हा एखादं वाक्य अर्ध्यावर सुटलेलं दिसलं तर समजून घे, तिथे मी पेंगले असेन.

पायाचं तुला फोनवर ओझरतं सांगितलं होतं, सविस्तर आता सांगते. जांघेत दुखायला लागलं त्याला आता बरेच महिने झाले. सुरुवातीला मी गादीला दोष दिला, मग चपलांना, मग कामावरच्या नसलेल्या खुर्चीला (मी नोकरी करते त्या दिव्यांच्या दुकानात बसायला खुर्ची नाही, मालकीणबाईंच्या मते बसलेली मुलगी बघून गिऱ्हाईकही सुस्तावतं). मी कुणाला काही बोलले नव्हते. पण बाबांचे कान तुला माहीत आहेत. रस्त्यावरून गेलेली सायकल कुणाची, ते मान वर न करता सांगतात, नवी चेन घातलेली असली तरी सांगतात. एके दिवशी मी जिना उतरत असताना ते खालूनच म्हणाले की, मागचं चाक आउट आहे, डोलतंय. मला वाटलं, समोरच्या सायकलबद्दल बोलतायत. ते माझ्याबद्दल होतं.

मग त्यांनी मला दुकानासमोर चालून दाखवायला लावलं. स्वतः त्या बुटक्या स्टुलावर बसले, एक डोळा मिटला आणि चाकाचा आउट बघतात तसं माझ्याकडे बघत राहिले. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. पंक्चर काढायला आलेली माणसंही हळूहळू त्यात सामील झाली. एकाचं मत होतं की डाव्या बाजूने ओढतेय, दुसऱ्याचं की दोष उजवीकडेच आहे पण दिसतो डावीकडे. पोस्टमन तर टपाल वाटायचं सोडून माझ्या मागोमाग वाकून चालत होता. शेवटी बाबांनी जुन्या ट्यूबचा तुकडा कापून माझ्या चपलेत टाचेखाली बसवला. आत्या, खरं सांगते, दोन दिवस मी इतकी सुरेख चालले की मला वाटलं, झालं काम. तिसऱ्या दिवशी ट्यूब तशीच होती आणि मी पुन्हा लंगडत होते.

त्यानंतर शिडीचा प्रसंग घडला. आमच्या दुकानात छताला इतके दिवे टांगलेत की वर बघत चाललं तर आपण कुठे चाललोय तेच विसरायला होतं. काचेचे, कागदाचे, वेताचे, काही नुसते गोल, काही उलट्या टोपलीसारखे. ते पुसायचं काम माझं. त्या दिवशी शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसून मी एक मोठा हिरवा दिवा पुसत होते आणि उतरायला पाय खाली टाकला तर खुबा जागच्या जागी अडकला. वर येईना, खाली जाईना. ओरडावं असं वाटलं, पण खाली एक जोडपं लग्नानंतरचा पहिला दिवा निवडत होतं आणि त्यांच्या सुखात मिठाचा खडा टाकावासा वाटेना. मग मी तिथेच बसले. तिथून दुकान वेगळंच दिसतं. खालून जो झगमगाट वाटतो तो वरून अगदी शांत असतो, सगळे दिवे आपल्या खांद्याशी येऊन थांबलेले असतात, आणि काचेपलीकडच्या रस्त्यावरची माणसं आवाज न करता ये-जा करतात. मला आपलं उगीच वाटून गेलं की आता इथेच राहावं, कुणी विचारलं तर दिवा आहे म्हणून सांगावं. जोडप्यातल्या बाईंनी वर बघून तोच हिरवा दिवा मागितला आणि मग मालकीणबाईंना सगळं कळलं.

त्यांनी बाबांना फोन केला. बाबा हाताचं ग्रीसही न पुसता आले. शिडी दोन्ही हातांनी धरली, खांदा पुढे केला आणि माझा पाय त्यावर ठेवून घेतला. माझ्या पांढऱ्या चपलेवर त्यांची काळी बोटं उमटली होती, ती मी अजून धुतलेली नाहीत (आळस, दुसरं काही नाही).

तर मग हाडांच्या दवाखान्यात. तिथे खुब्याचे म्हणून जेवढे पेशंट बसले होते, ते सगळे बाबांहूनही मोठे. एक आजी काठीवर हनुवटी टेकवून मला विचारत्या झाल्या की तू कुणाला घेऊन आलीस. मी बाबांकडे बोट दाखवलं. का दाखवलं, देव जाणे, पण त्या कौतुकाने म्हणाल्या, मुली असाव्यात तर अशा. आता हे तिथेच संपायला हवं होतं. पण मदतनिसाने ते ऐकलं, आमची पाळी आल्यावर बाबांच्या काखेत हात घालून त्यांना अलगद आत नेलं, टेबलावर आडवं केलं आणि त्यांचा गुडघा छातीपर्यंत नेऊन आत-बाहेर फिरवायला सुरुवात केली. बाबा निमूटपणे झोपून होते. मी पोचेपर्यंत त्यांचे दोन्ही खुबे तपासून झाले होते आणि ते तरण्याबांड माणसासारखे आहेत असा निर्वाळाही मिळाला होता. तुम्ही बोलला का नाहीत, असं मी नंतर विचारलं. त्यांना वाटलं होतं, आधी मालकाला तपासत असतील.

डॉक्टरीणबाई तशा वयाने फार नाहीत, बोलतात सावकाश, आणि आपल्याशी न बोलता एक्स-रेशी बोलतात. त्यांनी दाखवलं, खुब्यात एक गोळा असतो आणि एक वाटी. माझ्या उजव्या गोळ्याचा रक्तपुरवठा केव्हातरी बंद पडला आणि तो आतून वाळून एका बाजूने बसला. का बंद पडला, याचं कारण कधी कधी सापडत नाही म्हणाल्या. आता गोळा आणि वाटी दोन्ही नवीन घालायची. सत्ताविसाव्या वर्षी. नवीन सांधा पुष्कळ वर्षं चालतो, पण वय लहान आहे, तेव्हा पुढे कधीतरी तोही बदलावा लागेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबांना सगळं पटकन समजलं. छर्रे खाल्ले, त्यांची वाटी, म्हणजे कप, गेला, म्हणाले. ग्रीस भरून काही दिवस ढकलता येईल का, हेही विचारून घेतलं. नाही येणार, असं त्या एक्स-रेला म्हणाल्या. मग बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांनी विचारलं, "जुना पार्ट परत मिळेल ना?"

आत्या, तुला त्यांची पद्धत माहीत आहे. ब्रेकचं रबर असो की एक्सल असो, बदललेला पार्ट रॉकेलने स्वच्छ पुसायचा, कागदात बांधायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. म्हणजे खरोखर बदलला की नुसतं सांगितलं, अशी शंका राहत नाही. माणसं ती पुडी कोपऱ्यावर जाऊन टाकून देतात, तो कोपरा आपल्याला जिन्यावरून दिसतो, पण बाबांनी आजवर पद्धत मोडलेली नाही. डॉक्टरीणबाई आधी हसल्या. मग त्यांनी पहिल्यांदाच एक्स-रे सोडून माणसाकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हा गृहस्थ थट्टा करत नाही. काढलेलं हाड तपासायला जातं, नंतर नियमाप्रमाणे त्याची विल्हेवाट लावतात, परत द्यायचं तर विचारून बघावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. बाबा उठले. जिथे जुना पार्ट देत नाहीत तिथे काम टाकू नये, एवढंच म्हणाले आणि चालू लागले. ते पुढे ताठ, मागून मी लंगडत, आणि दारातल्या आजी मला म्हणाल्या, बघ, किती फरक पडला तुझ्या बाबांना.

तेव्हापासून तारीख काही ठरत नाही. मी विषय काढला की त्यांना हवा भरायची आठवते. माझ्या हातात काय आहे, तूच सांग. एक्स-रे मात्र माझ्याजवळ आहे. परवा दुकानात, निवांत वेळी, तो उजेडात बघावा म्हणून मी एका उभ्या दिव्याच्या सांगाड्याभोवती गुंडाळला आणि बटण दाबलं. डावा गोळा पूर्ण, उजवा कडेने दबलेला, मधे सगळं धूसर निळं. इतकं सुंदर काही माझ्या आत आहे याची मला कल्पना नव्हती. मी बराच वेळ बघत उभी होते. तेवढ्यात एक बाई आल्या आणि त्यांनी बेडरूमसाठी तो दिवा मागितला, जोडी असेल तर दोन्ही. मालकीणबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू दुसरा खुबाही मी द्यायला हवा होता.

असो. ऊन आता भिंतीवर चढलं. इकडची काळजी करू नकोस. मी अगदी निर्धास्त आहे, भीती वगैरे सगळी बाबांच्या वाट्याला. कुंड्यांना आणि तुला माझा नमस्कार.

तुझी,
(उजवा पाय वगळता) सुखरूप असलेली भाची

ता. क. पत्रास कारण नाही असं वर लिहिलंय ते खोडत नाही, पण एक छोटं कारण आहे. तू इकडे ये. बाबा कुणाचं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. धाकट्या भावाला कसं घ्यायचं ते तुला ठाऊक आहे. त्यांना समजाव की जुन्या पार्टावाचून हे काम अडवून धरू नका.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. अर्धाच खरा आहे. डॉक्टरीणबाईंचा गेल्या आठवड्यातच फोन आला होता. त्यांनी वर विचारून बघितलं, परवानगी मिळाली; तपासणी झाली की हाड बरणीत घालून देतील. हे मी बाबांना सांगितलेलं नाही. त्यांच्या हट्टाआड मला फार छान लपता येतं गं. दुपारी डोळा लागला की एकच स्वप्न पडतं, मी बरी होऊन घरी आलेय, जिना सरळ, न लंगडता चढतेय, आणि बाबा खालून विचारतात, कोण आहे? मी उत्तर देते, पण आवाज निघत नाही. मला भीती वाटते, आत्या. फार वाटते. तू आलीस तर मला धरून बस, बाबांचं नंतर बघू.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आत बाबा चहा घेऊन वर आले. कुणाला लिहितेस विचारलं, आणि माझ्या तोंडून फोनचं निघून गेलं. मला वाटलं, रागावतील. ते खाटेच्या कडेवर बसले, कप फिरवत राहिले, आणि म्हणाले, "मला काय करायचाय तो पार्ट. तुझ्या आईच्या वेळी दवाखान्यातल्यांनी सगळं परत दिलं होतं. चष्मा, कंगवा, चपला. एकेक काढून माझ्या हातात दिलं. ह्या वेळी सामान त्यांनाच ठेवू दे. तू तेवढी परत ये." मग खाली गेले. बराच वेळ चाकाचा आवाज आला नाही.

तो सुरू झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. पुढचा बुधवार ठरला आहे, तू मंगळवारीच ये. आणि येताना रॉकेलने पुसायला एक मऊ फडकं आण, बाबांची सगळी काळी झालीत. बरणी मी मागून घेणार आहे. शुद्धीवर आले आणि बरणी हातात आली की पार्ट स्वच्छ पुसून, कागदात बांधून, मी स्वतः बाबांच्या हातात देणार. पद्धत म्हणजे पद्धत.