शेवंतीचं खालचं पान

मखमलाबाद, नाशिक
१० नोव्हेंबर २०२४

चि. नवनाथ यास,
अ. उ. आशीर्वाद.

तू सीमेवरच्या चौकीवर सुखरूप पोहोचल्याचं कळलं. तिथे फोन लागत नाही हे बरंच. हे मला फोनवर सांगता आलं नसतं. लकव्याने गेलेली आईची वाचा आली नाही, उजवा हातही तसाच लुळा. दिवाळीत तू तिच्या खाटेशी बसून म्हणालास की हिला आता काही उमजत नाही, ते खरंच दिसतंय.

तिच्याजवळ बसायचं म्हणून मी जलरंग घेऊन बसते. काल वावरातली शेवंती रंगवून पुढे धरली. चाळीस वर्षं जिने फुलं पिकवली, तिने डाव्या हाताने कागद लोटून दिला. दोनदा. माझी शाळेची रजा महिनाअखेर संपते. आजारी म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या ज्या संस्थेबद्दल आपण बोललो, तिथे तिचं नाव घालू का?

जिवाला जप, मला विसरू नकोस.
तुझी स्नेहलताई

१९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाव घाल. लिहिताना हात जड होतोय, पण तू एकटी किती करशील? निघताना मी पाया पडलो तर आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. पोटचा पोरगाही ओळखू येईना.

चित्राचं मनाला लावून घेऊ नकोस. ती पहिल्यापासून म्हणायची, स्नेहलची फुलं लग्नाला निघाल्यावानी नटलेली. वावरात अशी कुठं राहत्यात?

माया आहे तशीच राहू दे.
तुझा नवनाथ

२९ नोव्हेंबर

चि. नवनाथ यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी राग आला. मग वावरातून अख्खं झाड मुळासकट उपटून आणलं, आईच्या उशाशी तांब्यात ठेवलं आणि दिसेल तसं काढत बसले. तीन दिवस लागले. पाकळी मागून फिकी असते, देठाला बारीक लव असते. याच घरात वाढले, पण हे आत्ता पाहिलं.

या वेळी आईने कागद धरून ठेवला. बराच वेळ पाहिलं आणि खालच्या पानावर बोट टेकवलं. झाडावर तिथे काळपट डाग होता. चित्र बिघडेल म्हणून मी तो गाळला होता. तिने माझ्या हातून कुंचला ओढून घेतला, मातकट रंगात बुडवला आणि डाग नेमका जिथल्या तिथे उमटवला. मग दाराकडे हात करत राहिली.

मी वावरात पळाले. खालची पानं उलटून पाहिली तर निम्म्या वाफ्यांत करपा शिरलेला. दोन दिवस रोगट पानं खुडून जाळली, फवारणी केली. मार्गशीर्षातल्या गुरुवारांची फुलं बहुतेक हाती लागतील.

नवनाथ, तिला सगळं कळतंय. म्हणजे दिवाळीतही कळत होतं. तुला ओळखलं नाही म्हणून तिने तोंड फिरवलं नव्हतं रे. मी संस्थेतलं नाव काढलं, बिनपगारी रजा घेतली. तुझे दाजी हो म्हणाले.

आम्हा दोघींवर तुझी माया असू दे.
ताई

१० डिसेंबर

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई हे वाचून दाखवील. आजवर तुझ्याबद्दल लिहिलं, तुला मात्र एक ओळ लिहिली नाही. संस्थेची गोष्ट मी काढली होती, ताईने नाही. तुझ्या देखत काढली. तू तोंड फिरवलंस ते बरोबर केलंस.

दोन जानेवारीपासून सुट्टी मंजूर झालीय. चाकाच्या खुर्चीत बसवून तुला वावरात नेईन. तू बोट दाखव, मी राबेन. पण आधी दारातच उभा राहीन. तू हाताने बोलावशील तेव्हाच आत येईन.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा नवनाथ