ओट्यावरचा बल्ब

३ मार्च, मंगळवार

फुटला! ओट्यावरचा बल्ब. सकाळी सातला, ठो करून. काचा सिंकमध्ये, काचा दुधात, काचा चिरलेल्या भाजीत. सूनबाई फ्रीजपाशी गेली होती म्हणून वाचली.

लगेच विद्वानांची सभा भरली. चिरंजीव तोंडात ब्रश घेऊनच आले — "व्होल्टेज वाढलं असणार." जगात काहीही बिघडलं की ह्यांचं व्होल्टेज वाढतं. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतात, पण घरातला मेन स्विच कुठे आहे ते अजून माहीत नाही. समोरचे मास्तर आवाज ऐकून आत घुसले — "हल्ली काचेत दमच नाही हो!" मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवला. काचेबद्दल ह्यांना विचारलं कुणी?

आणि सूनबाई काचा चक्क हाताने वेचायला लागली! ओरडलो. आधी मेन बंद. मग पायात चपला. मोठे तुकडे जाड पुठ्ठ्याने भरायचे, बारीक चुरा ओल्या वर्तमानपत्राने टिपायचा, सगळ्याची पुडी करून वर 'काच' लिहायचं, मग कचऱ्यात. दूध, भाजी फेकून द्यायची. "दूध गाळून घेतलं तर?" — हे चिरंजीव. पदवीधर!

बल्बचं बूड होल्डरमध्ये अडकलेलं. मास्तर म्हणाले, बटाटा खुपसून फिरवा, कुठेतरी वाचलंय. म्हटलं, बटाट्याची भाजी करतात. पकडीने दाबून फिरवलं, निघालं. चौतीस वर्षं कारखान्यात वायरमन होतो, उगाच नाही.

४ मार्च, बुधवार

नवा बल्ब लावला. माझ्या पेटीतला, चाळीस वॅटचा. "बाबा, मी चढते, तुम्ही शिडी धरा" — सूनबाई. मला! जिच्या जन्माआधीपासून मी खांबावर चढतोय तिने मला शिडी धरायला सांगावं!

पण इथे लिहून ठेवतो, इथे कुणी येत नाही. डाव्या डोळ्यासमोर दुधी काच धरल्यासारखं झालंय. उजवाही त्याच वाटेवर. बल्बवरचा आकडा दिसत नाही. पेटीत कुठला कुठे ठेवलाय ते हाताला पाठ आहे, त्यावर चाललंय. कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं की पहिली शिडी जाईल, मग टेस्टर जाईल, आणि मी खुर्चीत बसवलेला म्हातारा होईन. चहा हातात आणून देतील आणि कशाबद्दल काही विचारणार नाहीत. मला त्याची भीती वाटते. बस.

८ मार्च, रविवार

चिरंजीव म्हणे, "ओट्यावर एवढा लख्ख उजेड कसा?" म्हटलं, जुना माल आहे, आत्ताच्यासारखा मिणमिणता नाही.

११ मार्च, बुधवार

मास्तर कात्रण घेऊन आले. 'बल्ब का फुटतात?' मोठ्याने वाचून दाखवलं. मला! कडक ऊन पडलंय हे सूर्याला सांगायला आले.

अहो, तापलेल्या काचेवर गार पाण्याचा थेंब पडला की काच तडकते. होल्डर सैल असला की आत ठिणग्या उडतात, बूड तापतं. बल्ब पुसताना ओलं फडकं मारतात, तेही चालू दिव्याला! आणि सगळ्यात मोठं कारण — शेडला झेपत नाही एवढ्या वॅटचा बल्ब. उष्णतेला बाहेर पडायला जागा नाही, होल्डर करपतो, काचेचा बुडाशी असलेला जोड सुटतो. प्रत्येक शेडच्या आत आकडा लिहिलेला असतो. तो न वाचता बल्ब लावणारा गाढव. एवढंच आहे. त्याला कात्रण कशाला?

मास्तर हिरमुसले. चहा मात्र पूर्ण प्यायले.

१३ मार्च, शुक्रवार

पुन्हा फुटला. या वेळी सूनबाई बरोबर खाली उभी होती.

कपाळावर, भुवईच्या वर लागलं. रक्त थांबेना. बोटभर खाली लागतं तर डोळा गेला असता. मी मेन बंद केला आणि तिथेच उभा राहिलो.

चिरंजीव — "बाबा, नवा होता ना? मग कसा फुटला?" तोंडातून निघून गेलं, पाणी उडवलं असेल हिने. शंभरदा सांगितलंय, गरम बल्बवर शिंतोडे उडवू नको. झालं! चिरंजीव तिच्यावर उखडले. "तुला एवढंही कळत नाही?" कपाळाला रुमाल दाबून धरलेल्या बाईवर! ती माझ्याकडे बघत होती असं वाटलं. मला नीट दिसत नाही, पण वाटलं. तीन टाके पडले.

१४ मार्च, शनिवार

सगळे बाहेर गेल्यावर कालच्या काचांची पुडी उघडली. बल्बच्या माथ्याचा तुकडा शाबूत होता, छापील आकड्यासकट. मास्तरांकडून भिंग आणलं. "जुनी तिकिटं बघायचीत," म्हणालो. तिकिटं कुठली! पुन्हा खोटं. स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी बसून बघितलं, इथे उजेड बरा आहे, लिहितोयही इथेच.

१००.

मग शिडीवर चढून ओट्यावरच्या शेडच्या आत भिंग धरलं. लिहिलंय — ४० वॅटच्या वर नको. होल्डर करपून तपकिरी झालाय, हात लावला तर कपचा निघाला. चाळीस आणि शंभर, दोन्हीची काच एकाच मापाची. आकडा वाचूनच ओळखायची. हाताला पाठ म्हणे! सूनबाईच्या डोक्यावर नऊ दिवस भट्टी टांगून ठेवली मी.

आणि वर तिच्याच नावाने बोंब मारली. पाणी उडालं की नाही हे मी पाहिलंच नव्हतं. मला दिसतं कुठे?

१६ मार्च, सोमवार

मास्तरांनी सूनबाईला पंधरा मिनिटं समजावलं. थेंब, काच, उष्णता. माझीच वाक्यं, माझ्याच क्रमाने. तिने कपाळावरच्या पट्टीसकट ऐकून घेतलं, "हो काका, हो काका" म्हणत. मी शेजारच्या खुर्चीत बसून चहा ढोसत होतो. लाज नावाची गोष्ट आम्ही कारखान्यात ठेवून आलो बहुतेक.

सांगायला दोन वाक्यं पुरतील. चौतीस वर्षांत अकरा हजार व्होल्टला भ्यालो नाही आणि दोन वाक्यांना भितोय.

१७ मार्च, मंगळवार

नाही सांगितलं.

१९ मार्च, गुरुवार

सांगून टाकलं. जेवताना. "शंभरचा बल्ब मी लावला. मला आकडा दिसत नाही, वर्ष झालं. पाण्याचं मी बनवून सांगितलं. हिची काही चूक नाही."

चिरंजीवांचा घास हातातच राहिला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडायला हवं होतं. ते तिच्याकडे वळून हळूच काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही, माझ्यासाठी नव्हतंही. मी तिला म्हटलं, "माझं चुकलं." सुनेला हे म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. फार उशिरा म्हटलं हे जड गेलं.

ती म्हणाली, "बाबा, जेवण गार होतंय." आणि थोड्या वेळाने — "सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर आहे." त्या डॉक्टरांचा नंबर म्हणे आठ-दहा दिवस मिळत नाही. हिला चार दिवसांवरचा कसा मिळाला? असेल ओळख.

ओट्यावर आता नवा होल्डर आणि एलईडी. प्लॅस्टिकची टोपी घातलेलं खेळणं! तापत नाही आणि काच नाही, एवढं मात्र मान्य. तिने लावला. मी शिडी धरली.

२३ मार्च, सोमवार

मोतीबिंदू. दोन्हीकडे. डॉक्टर कालचं पोर. "आजोबा, इतके दिवस काय करत होतात?" म्हटलं, दिवे लावत होतो.

७ एप्रिल, मंगळवार

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी जाऊन आठवडा झाला. आज वही उघडली. अरे देवा, हे अक्षर माझं? ओळ एकीकडे, शब्द दुसरीकडे.

आणि समासात शिसपेन्सिल. बारीक, स्वच्छ अक्षर. माझं नाही. इतके दिवस मला दिसलंच नव्हतं. माझ्या वहीत! पहिल्यांदा संतापच आला.

१३ मार्चच्या पानावर — "पाणी उडवलं नव्हतं, बाबा. नळ बंद होता."

१४च्या पानावर — "वही खिडकीत उघडी राहिली होती, म्हणून वाचली. आजच नंबर लावलाय, २३चा मिळाला. ह्यांना मी काही सांगणार नाही. तुम्हीच सांगाल."

१७च्या पानावर — "सांगाल."

१९ मार्चच्या पानावर काहीच नाही. त्यानंतरच्या एकाही पानावर नाही. मी सांगितलं, त्या दिवसापासून तिने ही वही उघडलेली नाही.