मूठभर जुने खडे

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सांगूनच टाकलं यांना — फिश टँकमधले ते निळे खडे बदला! वास मारतोय. खरं म्हणजे वास फारसा नाही. पण खडे विजयमालाने आणलेले. टाकी तिची, मासे तिचे, त्या जाड्या सोनेरी माशाचं ‘गुंडप्पा’ हे नावसुद्धा तिनेच ठेवलेलं. यांची पहिली बायको जाऊन तीन वर्षं होत आली, मला या घरात येऊन आठ महिने — तरी येणारा प्रत्येक जण आधी टाकीपाशी जातो. ‘विजयमालाला काय हौस होती!’ मी चहाचा ट्रे घेऊन उभीच.

जळते मी. मेलेल्या बाईवर जळते. इथे लिहायला कसली लाज!

५ फेब्रुवारी

काळी बारीक खडी आली. काव्याने ती लांबूनच बघितली. विजयमालाची दहा वर्षांची पोर, बापाशी अखंड बडबड, आणि मला अजून कुठल्याच नावाने हाक नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

पाच दिवसांनी नळाला पाणी आलं. पिण्याचं भरलं आणि खडी धुवायला बसले. बादलीत थोडी थोडी घ्यायची, पाणी ओतून हाताने ढवळायची, तांदूळ धुतो तशी. पहिलं पाणी काळंकुट्ट. ओता, पुन्हा भरा. साबण अजिबात नाही, हे यांनी बजावून ठेवलेलं. नखं काळी झाली, कंबर गेली कामातून, पण शेवटी तळाचा खडान् खडा दिसायला लागला. बरं वाटत होतं — तेवढ्यात शेजारच्या केराबाई कठड्यावरून, ‘विजयमाला बी अशीच बसायची की धूत. गाणं म्हणत.’

झालं!

निळे खडे पोत्यात भरून टाकायला निघाले, तर हे म्हणाले, ‘एक मूठ ठेव गं. मोज्यात बांधून नव्या खडीवर ठेवायची. त्यात चांगले जंतू असतात, पाणी साफ ठेवतात. न्हाईतर मासे मरतात. विजू असंच करायची.’

विजू! मला कधी नीलू म्हटलेलं आठवत नाही. नीलम्मा ती नीलम्माच.

हे आंघोळीला गेले. मी गॅसवर आधण ठेवलं आणि ती मूठ त्यात उकळली. चांगली खळखळ. फिल्टरच्या स्पंजातही तेच जंतू असणार, म्हणून तोही नळाखाली पिळून पिळून स्वच्छ केला. मग मोजा बांधून टाकीत ठेवला, शहाण्यासारखा. तिचं काही जिवंत नको होतं मला या घरात. लिहिलं ते लिहिलं.

१० फेब्रुवारी

टाकी काय दिसतेय! माझी टाकी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पाणी गढूळ पांढरट. मासे वर येऊन तोंडं उघडतायत. हे सारखे म्हणतात, ‘जुने खडे तर ठेवले होते की!’ मी टाकीकडे पाठ करून भाकरी थापते.

१४ फेब्रुवारी

गुंडप्पा गेला. काव्याने त्याला कुंडीत पुरलं. रडली नाही — रडली असती तर बरं झालं असतं! माझ्याकडे फक्त एकदा बघितलं.

दुपारी तिप्पण्णाच्या दुकानात पळाले, टाकी तिथूनच घेतलेली. मोजा ठेवूनही मासे मरतायत म्हटल्यावर तो हसत म्हणाला, ‘खडे चुलीवर चढवले काय वैनी?’ त्याच्याच टाकीतली एक मूठ मागितली. दुसऱ्याची चालेल का, विचारलं. ‘कुणाची बी चालतीय. जिती पायजे, बास.’ पिशवीत पाण्यासकट आणली, मोज्यातले खडे बदलले, बॅरलमधलं शिळं, क्लोरीन उडालेलं पाणी घालून अर्धी टाकी पालटली. कुणाला सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बाकीचे मासे खाली उतरले. खातायत. हे खूश. अजून जळते का? जळते. पण टाकीसमोर उभं राहवत नाही. यांना सांगायचं ठरवते आणि जीभ उचलत नाही. सांगितलं तर मंद्रूपला माहेरी परत पाठवतील, हीच भीती.

२० फेब्रुवारी

सकाळी काव्याची वेणी घालत होते. आरशात बघत म्हणाली, ‘तुमी खडे उकळताना मी बघितलं होतं.’

मी घातलेला पेड सोडला, पुन्हा घालायला घेतला.

‘पप्पांना न्हाई सांगितलं. सांगितलं असतं, तर तुमी पण गेला असता की.’