अंतराचा पंधरावा

२ फेब्रुवारी २००१, शुक्रवार, अबुधाबी
अंतराच्या वर्गातल्या वलेरियाचा पंधरावा वाढदिवस. मेक्सिकन मंडळी. सोहळ्याचं नाव तीनदा विचारलं, उच्चारता आलं नाही. नुसतं 'पंधरावा' म्हणू. मुलगी घेरदार गाऊनमध्ये, पायात सपाट चपला. बापाने सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसून त्या काढल्या आणि आयुष्यातल्या पहिल्या हाय हील्स चढवल्या. मुलगी मोठी झाली! मग पहिला वॉल्ट्झ बापाबरोबर. माझ्या डोळ्यांत पाणी. बायकोला, कुमुदला, एसीचं कारण सांगितलं.
गेल्या दिवाळीत अंतराने हील्स मागितल्या होत्या. मी नाही म्हटलं. पोरीने निमूट ऐकलं. संस्कार!
ठराव: २० एप्रिलला तिचा पंधरावा. हील्स मी चढवणार. नाचही. घरात बोलायचं नाही. सरप्राइज.

९ मार्च
टाइल्सच्या गोडाऊनमध्ये वॉल्ट्झची प्रॅक्टिस, ड्रायव्हर हारुनबरोबर. तो अंतरा होतो. फक्त त्यालाच विश्वासात घेतलंय. वन-टू-थ्री जमतं, पण तो मलाच फिरवतो. मुलीने लीड करायचं नसतं, असं बजावलं. म्हणाला, यल्ला, चलो साब, फिर से. इमानी माणूस.

६ एप्रिल
चंदेरी हील्स घेतल्या. साईज चार. दुकानदार म्हणे, मुलीलाच घेऊन या. बापाला पोरीचा पाय ठाऊक नसतो का? तिच्या शाळेचे बूट मीच आणलेत. कुठल्या इयत्तेत, ते आठवत नाही. मनात दिरहमचे रुपये न करता पैसे दिले. याला प्रेम म्हणतात.

१२ एप्रिल
अंतरा फोनवर वलेरियाशी कुजबुजत होती. मी शिरलो तशी गप्प. कुमुद गालातल्या गालात हसली. गाडीत हारुनही नजर चुकवतो. लक्षात आलं: माझ्यासाठीच काहीतरी शिजतंय. गुणाची पोर.

२० एप्रिल, शुक्रवार
पाहुणे जमले. मी उशी टाकून गुडघ्यावर बसलो, खोका उघडला. अंतरा खोलीतून आली. टकटक. काळ्या हील्स. चाल अशी, की जन्मापासून त्याच घालत असावी.
कुमुदनेच दिवाळीत घेऊन दिल्या होत्या. मी लेक्चर देईन म्हणून वलेरियाकडे ठेवल्या. ने-आण हारुन करायचा. हारुन! एवढे दिवस माझा हात हातात घेऊन नाचत होता! विचारलं तर म्हणाला, बेबीने कसम दी थी, साब.
माझ्याच घरात मी एकटा परका. फार लागलं.
सगळे बघत होते, गुडघा धरलेला, उठता येईना. अंतराने एक काळी हील काढून पाय पुढे केला. चंदेरी हील चढवली, टाच अर्धी बाहेर. चार नंबर सिक्स्थमध्ये होता, म्हणाली. मग हळूच, जस्ट प्रिटेंड, पपा. मी पट्टा लावल्याचं नाटक केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
नाचाचं विचारलं. नॉट इन फ्रंट ऑफ एव्हरीवन, म्हणाली. वलेरियाबरोबर गेली.

२१ एप्रिल
घरात कुणाशीही बोलायचं नाही असा निश्चय. संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.
हारुनला झापायला गोडाऊनमध्ये बोलावलं. तो आला, टेप लावला, हात पुढे केला. म्हणाला, साब, सोलहवाँ भी तो आएगा, इन्शाल्ला.
वन-टू-थ्री. तोच मला फिरवत होता. या वेळी मी फिरवू दिलं.