दुसरा शब्द शोध

बाई, आज तुमचा भयंकर राग आला आहे आणि तो काढायला तुम्ही आता या जगात नाही, म्हणून लिहायला बसले आहे. शाळेत सगळे तुम्हाला नावाने हाक मारायचे, मलाही तुम्ही तेच सांगायचात, पण आईहून मोठ्या माणसाला नुसत्या नावाने बोलवायला माझी जीभ रेटेना. शेवटी ‘बाई’वर तडजोड झाली. मी कॉरिडॉरमध्ये तुम्हाला हाक मारली की मुलं मलाच ‘बाय, मिस’ म्हणून हात हलवायची.

ज्यू म्हणून शाळकरी वयात नाझी छावणीत गेलात, घरातल्या एकट्या परत आलात, आणि मग मेलबर्नला येऊन जन्मभर इतिहास शिकवलात. निवृत्तीनंतरही डँडेनॉन्गच्या आमच्या शाळेत दर वर्षी नववीला आपली गोष्ट सांगायला यायचात. मी पुण्याहून आलेली नवी शिक्षिका. स्टाफरूमच्या किचनमध्ये चहा करताना सहज म्हणाले, माझे वडील म्हणजे नुसते हिटलर होते. आपल्याकडे कडक हेडमास्तरापासून खाष्ट सासूपर्यंत कुणालाही म्हणतात, तसं. तुम्ही कप खाली ठेवलात. "वडील जेवायला घालायचे?" मी हो म्हटलं. "मग दुसरा शब्द शोध." एवढंच बोललात आणि बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवलात.

आता लॉकडाऊन आहे. घरापासून पाच किलोमीटरच्या आत फिरायचं, बाकी दिवसभर स्क्रीन. शेजारच्या खोलीतून नवरा बॉसला रोज हिटलर म्हणतो, किती वेळा सांगितलं तरी पालथ्या घड्यावर पाणी. काल लेकीचा आयपॅड काढून घेतला तर ती म्हणाली, "यू आर सच अ हिटलर, आई." मी तुमचाच प्रश्न तुमच्याच सुरात विचारला, तुला जेवायला घालते ना मी? "दॅट्स अ प्रिटी लो बार, आई." म्हणजे नुसतं जेवायला घालणं ही काय मोठी गोष्ट. नवरा हसला. तुमची वाक्यं तुमच्याच तोंडी चालतात, हे मला आधी सांगायला हवं होतंत.

आणि आज नववीला तुमची गोष्ट झूमवर सांगायची होती. तुम्ही रेकॉर्डिंग करू दिलं नाहीत. कॅमेऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही, तू सांग, म्हणालात. माझी माणसं नाहीत, माझी भाषा नाही, माझा काय संबंध, असं मी म्हटलं तर म्हणालात, म्हणूनच, तुला चुकायची भीती वाटेल आणि तू जपून सांगशील. वर एक शब्द इकडचा तिकडे चालायचा नाही. तुम्हाला शाळेतून परत पाठवलं त्या सकाळी दारातल्या शिक्षिकेच्या डोळ्यांत पाणी होतं, असं मी एकदा वर्गात बोलून गेले, तर तुम्ही मागच्या बाकावरून मला थांबवलंत. "ती रडली नाही. ती स्वतःच्या बुटांकडे बघत होती. एक गोष्ट खोटी सापडली की लोक म्हणतील, सगळंच खोटं." मुलांसमोर बोललात, आणि मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

तर आज पडद्यावर सगळे काळे चौकोन. एकाने चॅटमध्ये लिहिलं, सेम, आमची पण शाळा बंद आहे. डोकंच फिरलं माझं. बाईंची शाळा बंद नव्हती, उघडीच होती, फक्त त्यांच्यासाठी नव्हती, हे मी पुन्हा पुन्हा समजावलं. कळलं की नाही, काळ्या चौकोनावर काय दिसणार. तरी मी सांगत राहिले, बुटांच्या जागी बूटच ठेवले. छावणीपर्यंत आले आणि माझा आवाज गेला. तेव्हा कधीच न बोलणाऱ्या एका मुलीने कॅमेरा सुरू केला. "मिस, वॉज शी युअर नॅन?"

तुम्ही माझी आजी होतात का, असं विचारत होती. मी हो म्हणाले. मग एकेक करून बाकीचेही कॅमेरे सुरू झाले आणि तास संपेपर्यंत मुलं प्रश्न विचारत राहिली.

उद्या तास सुरू होताच खरं काय ते सांगायला हवं, नाहीतर तुमच्या सगळ्या गोष्टीवर पाणी पडेल, हे मला कळतं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही तेच बरं आहे, बाई, कारण हो म्हणताना आपण खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही.