काचेच्या बशीतला आवाज

प्रिय ताई,

फोनच केला असता, पण फोनवर शब्द अडला की तू चिडतेस आणि मुकाट्याने तो भाऊजींच्या हातात देतेस. वाचायला तुला अजून त्रास होत नाही, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच. भाऊजींना वाचून दाखवायला सांगू नकोस. त्यांच्याशी मी नंतर बोलेन.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी तुझ्यापुढे तो कागद ठेवला होता, मेंदूतून काढलेल्या गाठीचा तुकडा संशोधनाला द्यायचा का म्हणून. तू सही ठोकलीस आणि म्हणालीस, "घ्या! फुकटचा पाहुणा आहे, लावा कामाला." अख्खी खोली हसली. वीस वर्षं कोर्टात दुभाषी म्हणून उभी राहिलीस, तुला शब्द कधी कमी पडले नाहीत. शुद्धीवर आल्यावर मात्र मला हाक मारायला तोंड उघडलंस आणि 'चमचा' म्हणालीस. तेव्हाही आपण दोघी हसलोच. रडू मला जिन्यात आलं.

तो तुकडा आमच्याच प्रयोगशाळेत आला. डबीवर नाव नसतं. नुसता क्रमांक, वय, स्त्री, डावी बाजू, तारीख. मी ओळखलं. आमच्या प्रमुख बाईंना तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी मूग गिळून बसले. वाटलं, निदान माझ्या नजरेसमोर तरी राहील.

पहिले आठ दिवस गाठीच्या पेशी बशीत एकट्याच ठेवल्या होत्या. मरगळून पडलेल्या असायच्या. मग आम्ही वाढवलेल्या निरोगी चेतापेशींमध्ये त्यातल्या थोड्या सोडल्या. चौथ्या दिवशी भिंगाखाली पाहिलं, तर गाठीच्या एकेका पेशीने कोळ्याच्या धाग्यासारखे बारीक पाय काढून शेजारणींना धरलं होतं. ताई, मला वाटायचं, गाठ आजूबाजूला मारत, रेटत पुढे जाते. इथे कुणी कुणाला रेटत नव्हतं. निरोगी पेशी तिला आपल्यातलीच समजून निरोप धाडत होत्या, आणि जिथे निरोपांची वर्दळ जास्त, तिकडेच ती सरकत होती. अगदी शांतपणे. घरच्यासारखी.

त्या बशीच्या तळाशी तारा असतात. पेशींमधली बारीकशी वीज स्पीकरवर ऐकू येते. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज. निरोगी पेशी तडतडल्या, की क्षणभराने गाठीकडच्या तारेतून तसंच उत्तर यायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले होते. का कोण जाणे, मी बशीवर वाकून हळूच "ताई" म्हटलं. स्पीकर गप्प झाला. मग एकदम तडतड सुरू झाली, ती थांबेचना. पेशींना कान नसतात, मला कळतं. योगायोगच तो. पण खरं सांगू? मी पुन्हा हाक मारली.

त्या दिवसापासून मी तुझ्याकडे येईनाशी झाले. त्याआधी रोज संध्याकाळी मी तुला चित्रांचे पत्ते दाखवायचे: कुलूप, छत्री, शिडी. एकेका शब्दासाठी तू घामाघूम व्हायचीस आणि जमला की टाळी मागायचीस. बोलताना मेंदूत निरोपांची हीच वर्दळ वाढते. मग मी तुला बोलतं करत होते, की आत उरलेल्या त्या पाहुण्याला जेवू घालत होते? आधी सर्दीचं निमित्त सांगितलं, मग कामाचं. भाऊजी म्हणाले, "ती पत्ते मांडून वाट बघते, आणि मग एकेक उलटा करून ठेवते."

मागच्या आठवड्यात बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं, त्या कामावरून काढलं, आणि मग खुर्ची ओढून शेजारी बसल्या. म्हणाल्या, "बशी म्हणजे डोकं नव्हे. बोलण्याने तिची गाठ वाढते, असं म्हणायला माझ्याकडे काडीचा पुरावा नाही. तू मात्र तिचं बोलणं बंद पाडलंस, हे नक्की."

पेशींमधल्या निरोपांची ती वर्दळ कमी करणारं एक औषध आहे. बशीत घातलं तेव्हा धागे पुढे सरकायचे थांबले; पण स्पीकरही जवळजवळ मुका झाला. ते औषध आता थोड्या पेशंटना देऊन बघणार आहेत, आणि सोमवारी डॉक्टर तुला विचारतील. गुण येईल, न येईल. सुस्ती येईल, शब्द आणखी मागे पडतील. मी भाऊजींना परस्पर "हो म्हणा" सांगून बसले होते, ते काल मागे घेतलं. हो की नाही, ते तूच सांग. मी शेजारी बसेन. पण हे पत्र त्याच्यासाठी नाही. तीन आठवडे मी तुला टाळलं, ते तू बरी होणार नाहीस असं वाटून नव्हे. मला तुझ्या बोलण्याचीच भीती वाटायला लागली होती, आणि तुझ्याकडे बघून हे सांगायची हिंमत होईना. उद्या पाच वाजता येते. दार उघड, आणि आधी मला मनसोक्त शिव्या घाल. जमतील तेवढ्या.

तुझंच,
शेंडेफळ