चेअरमनसाहेबांवर चार ओळी

पुणे, १२ जानेवारी २००६

सौ. राजकुमारीस पुरनलालचे पुण्याहून आशीर्वाद.

डोळ्याचे ऑपरेशन चांगले झाले, काळजी करू नको. धान चुरून पोती भरून झाली का?

आपल्या उमेंद्रच्या सोसायटीत सगळा दिखावा आहे. तीस वर्षे मी पोरांना कविता शिकवली, आणि इथला चेअरमन मला म्हणतो, "मास्तर, माझ्या वाढदिवसाला माझ्यावर चार ओळी करा." या माणसाने जन्मात लाइट बिलाशिवाय काही वाचले नसेल! मी नाही म्हटले. उमेंद्र म्हणाला, "बाबूजी, कायले वाद करता? लिहून टाका ना."

मग मी आपल्या बोलीत लिहिले आणि स्टेजवर ठणठणीत वाचले, "बोदीत म्हैस पसरली, सप्पा पानी गढूळ करून राहिली." आपली बोदी म्हणजे तळे, सप्पा म्हणजे सगळे, हे त्या बैलाला काय ठाऊक! त्याला वाटले, बोध वगैरे काही असेल, अन् म्हैस म्हणजे भरभराट. टाळ्या वाजवून त्याने मला शाल दिली, तीही नायलॉनची.

उमेंद्रला मात्र सारे कळले. नोकरी गेल्यापासून तो घरात कामापुरतेच बोलत होता. हे तुला कळवायचे नव्हते, पण लिहून गेलो. त्या दिवशी तो पोट धरून हसला, माझ्याजवळ बसून दोन वेळा भात मागून जेवला आणि म्हणाला, "बाबूजी, आता सेक्रेटरीवर लिहा."

लिहायला बसलो आहे. तब्येतीला जप.

तुझा,
पुरनलाल